भंगारातला ट्रान्झिस्टर आणि त्याचे पूर्वायुष्य

प्रयोगासाठी ट्रान्झिस्टर निवडणे म्हणजे आकृतीत छापलेला क्रमांक दुकानात जाऊन मागणे, असा समज नवशिक्यांत रूढ आहे आणि नवा माल घ्यायचा असेल तर तो फारसा चुकीचाही नाही. मात्र जुन्या रेडिओतून, बंद पडलेल्या टीव्हीतून किंवा भंगारात आलेल्या बोर्डावरून काढलेल्या भागांच्या बाबतीत क्रमांक ही केवळ तोंडओळख ठरते. तो भाग मूळ सर्किटात कोणते काम करीत होता, ही माहिती त्याहून अधिक उपयोगाची असते. म्हणूनच भाग सोडवण्याआधी बोर्ड वाचता येणे हे सोल्डर वितळवण्याच्या कसबाइतकेच महत्त्वाचे मानावे लागते.

हौशी प्रयोगकर्त्यांचा ट्रान्झिस्टरशी पहिला मोठा संबंध आला तोच मुळी नापास मालातून. बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी डिसेंबर १९४७ मध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला आणि १९५३ मध्ये रेथिऑन या अमेरिकी कंपनीने सीके ७२२ हा जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर हौशी लोकांसाठी बाजारात आणला. श्रवणयंत्रांसाठी तयार होणाऱ्या सीके ७१८ च्या उत्पादनातले जे नग त्या कसोटीला उतरत नसत, ते या नव्या क्रमांकाने ७ डॉलर ६० सेंटला विकले जात. कानाशी बसणाऱ्या यंत्राला न चालणारा ट्रान्झिस्टर टेबलावरच्या छोट्या रेडिओला मात्र खुशाल चालत असे.

क्रमांकांच्या पद्धतीही कामाचीच खूण सांगतात. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर ‘ए’ असेल तर जर्मेनियम आणि ‘बी’ असेल तर सिलिकॉन, दुसरे ‘सी’ असेल तर ध्वनीच्या वारंवारतेचे लहान काम, ‘डी’ असेल तर तेच काम मोठ्या शक्तीचे आणि ‘एफ’ असेल तर रेडिओ वारंवारता. जपानी भागांवर सुरुवातीचे ‘२एस’ सहसा छापलेले नसते, त्यामुळे ‘सी ९४५’ असे दिसले की ते २एससी ९४५ समजावे. खरी फसगत पायांच्या क्रमात होते. सपाट बाजू समोर आणि पाय खाली धरले असता बीसी ५४७ मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो, २एन३९०४ मध्ये तो नेमका उलटा असतो, तर सी ९४५ मध्ये बेस शेवटी जातो.

बेसमधल्या सूक्ष्म प्रवाहाच्या किती पट प्रवाह कलेक्टरमधून वाहतो त्या गुणोत्तराला गेन म्हणतात, आणि नवशिके सर्वाधिक अडतात ते याच आकड्यापाशी. वास्तविक बीसी ५४७ च्या ‘ए’ गटाचा गेन ११० ते २२० आणि ‘सी’ गटाचा ४२० ते ८०० असतो. एकाच क्रमांकात एवढी तफावत असल्यामुळे जाणकार रचनाकार एमिटरला रोध जोडून सर्किट गेनवर विसंबणार नाही अशी तजवीज आधीच करतो. अशा सर्किटात बोर्डावरचा कोणताही धडधाकट लहान एनपीएन ट्रान्झिस्टर बसतो आणि गेन जुळवण्यात घालवलेला वेळ बहुधा फुकट जातो.

जर्मेनियमची गोष्ट वेगळी आहे. भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ च्या सुमारास जर्मेनियम अर्धवाहकांचे उत्पादन सुरू केले, आणि त्या काळातल्या रेडिओंतून एसी १२७, एसी १२८ असे नग आजही निघतात. १९६६ मध्ये आलेल्या फझ फेस या गिटारच्या पेडलमुळे अशा ट्रान्झिस्टरना पुन्हा मागणी आली. बेस मोकळा ठेवला तरी या ट्रान्झिस्टरमधून थोडा प्रवाह झिरपत राहतो, त्याला गळतीचा प्रवाह म्हणतात. तो तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो आणि साधा मल्टिमीटर तोच गेन म्हणून मोजून मोकळा होतो. यावरची चाचणी सोपी आहे. एसी १२८ सारख्या पीएनपी ट्रान्झिस्टरचा एमिटर ९ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकाला आणि कलेक्टर १ किलोओहमच्या रोधातून ऋण टोकाला जोडून, बेस मोकळा ठेवून रोधावरचा दाब मोजावा, तो ०.२ व्होल्ट भरला तर गळती २०० मायक्रोअँपिअर आहे. मग बेस २.२ मेगाओहममधून ऋण टोकाला जोडला की बेसमध्ये सुमारे ४ मायक्रोअँपिअर प्रवाह येतो. आता दाब ०.५२ व्होल्ट दिसला तर वाढ ३२० मायक्रोअँपिअरची, म्हणजे खरा गेन ८०. गळती वजा न करणाऱ्याला तो १३० वाटला असता. चाचणीपूर्वी नग बोटांत धरला असेल तर तो थंड होईपर्यंत थांबावे, कारण हाताच्या उबेनेही आकडे सरकतात.

जुन्या नगांचे काही दोष निव्वळ वयाचे असतात. एएफ ११४ ते एएफ ११७ या मालिकेच्या धातूच्या टोपीच्या आत कथलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि ते आतल्या भागांना टोपीशी जोडून टाकतात. चौथा पाय टोपीचा असल्याने तो कापला की पुष्कळदा ट्रान्झिस्टर पुन्हा चालू लागतो. ओसी ७१ ची काच काळ्या रंगाने रंगवलेली असते, कारण आत उजेड गेला की प्रवाह वाढतो. रंग खरवडून त्याचा प्रकाशसंवेदक करण्याची युक्ती हौशी मंडळींत बरीच चालली.

अलीकडच्या भंगारात सीएफएल दिवे मुबलक मिळतात. त्यांतल्या १३००३ जातीच्या जोडीला ४०० व्होल्ट सोसतात, पण गेन दहा-वीस एवढाच भरतो. ती ध्वनिवर्धकाच्या पहिल्या टप्प्यात घालणे व्यर्थ, चालू-बंद करण्याच्या कामाला मात्र ती उत्तम. काचेच्या नळीच्या टीव्हीतला डी १५५५ बेस आणि एमिटर यांच्यात पन्नासएक ओहम दाखवतो, म्हणून तो शॉर्ट झाल्याचे समजून अनेकदा फेकला जातो. प्रत्यक्षात तो रोध कारखान्यातच आत बसवलेला असतो. संगणकाच्या पॉवर सप्लायमधून फेराइटच्या कड्या, हीटसिंक आणि शॉट्की डायोड घ्यावेत, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र घेऊ नयेत, कारण त्यांतला द्रव वाळलेला असतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यापासून आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते टिकू शकतात. म्हणून बोर्डाला हात लावण्याआधी काही किलोओहमच्या, पुरेशा वॅटच्या रोधाने ते उतरवून मीटरने खात्री करावी. पेचकस आडवा टाकून ठिणगी पाडण्याची प्रथा शूरपणाची असली तरी शहाणपणाची नाही.

नव्या मालाचीही हमी धरता येत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून परदेशी संकेतस्थळांपर्यंत लहान ट्रान्झिस्टर इतके स्वस्त झाले आहेत की बीसी ५४७ भंगारातून काढण्यात अर्थ उरलेला नाही. पण २एन३०५५ सारख्या १५ अँपिअर आणि ११५ वॅटच्या नगाचे डुप्लिकेट जगभर विकले जातात. अशा वेळी जुन्या पॉवर सप्लायच्या हीटसिंकवर वर्षानुवर्षे राबलेला नग चकचकीत नव्यापेक्षा भरवशाचा असतो, कारण त्याने तो भार प्रत्यक्ष पेललेला असतो. लॉटमधला एक नग बळी देऊन त्याची टोपी करवतीने कापली की शंका फिटते: अस्सल मालात सिलिकॉनची चकती ठसठशीत दिसते, डुप्लिकेटमध्ये ती कितीतरी लहान असते.