कडेवरचे नाव

जुन्या चांदीच्या रुपयाहून थोडे मोठे आणि फिक्या निळ्या फितीला अडकविलेले असे हे पदक. एका बाजूस व्हिक्टोरिया राणीचे मुख, दुसऱ्या बाजूस ताडवृक्षाजवळ बसलेली विजयदेवता. संग्राहक त्यास ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक म्हणतात. फितीवर लढायांच्या नावांच्या चांदीच्या पट्ट्या बसविलेल्या असतात आणि मराठी माणसाची नजर तेथेच थबकते : असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, कोरेगाव. एकूण २१ पट्ट्यांपैकी कित्येक मराठी सत्तेच्या अस्ताच्या खुणा आहेत.

पदकावर १७९९ ते १८२६ अशी वर्षे असली, तरी पहिली पट्टी १८०३ मधील अलीगडची आहे. त्याहून विलक्षण म्हणजे हे पदक मंजूर झाले १८५१ साली! असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. त्या विजयाचे पदक देण्यास ४८ वर्षे लागली आणि तेही केवळ हयात असलेल्यांना. साहजिकच ते दुर्मिळ झाले.

अशा पदकाचे मोल चांदीच्या वजनावर ठरत नाही, ते ठरते कडेवर. तेथे सैनिकाचे नाव व पलटण असते. पलटणीच्या नोंदींशी ते पडताळून पाहता येते. जुने नाव घासून नवे घातले असल्यास कड किंचित झिजलेली दिसते. पट्टीही मागाहून जोडलेली असू शकते. म्हणून जाणकार आधी भिंग हाती घेतो, तराजू नव्हे. सराफाकडे मोडीत गेलेल्या पदकाबरोबर एका माणसाची नोंदही वितळते.

उत्साहाने चकचकीत करण्याचा मोह मात्र आवरावा. काळसर झाक घासताना कोरीव रेषाही झिजतात. रबर बँडमधील गंधक चांदी काळवंडते. लॉकरमध्ये ठेवताना आम्लरहित कागद व ओलावा शोषणारी पुडी पुरेशी. शंभर वर्षांहून जुनी अशी ही वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यान्वये खासगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही, हेही ध्यानी असावे.

कोरेगावची पट्टी पाहताना १ जानेवारी १८१८ चा दिवस आठवतो. त्या दिवशी कंपनीच्या बाजूने लढताना पडलेल्या शिपायांची नावे भीमेकाठच्या स्तंभावर आहेत, त्यांत महार शिपाई मोठ्या संख्येने आहेत. पदकाच्या कडेवर मात्र त्यांपैकी एकाचेही नाव नाही.