जुन्या जीटीओला पंप कोणता?

मूळ बडोद्याचा मी. मिशिगनला आल्यावर मित्राच्या भागीत १९६६ची पाँटियाक जीटीओ घेतली. इंजिन ३८९ घनइंची, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटर! तिचा पेट्रोल पंप (नाक्यावरचा नव्हे) बदलायची वेळ आली. मित्र म्हणाला, "इलेक्ट्रिकच बसवू."

मेकॅनिकल पंप इंजिनच्या कॅमशाफ्टवर चालतो. इंजिन थांबलं की पेट्रोलही थांबतं. कार्ब्युरेटरला लागणारा ५-६ पीएसआय दाब तो सहज देतो. खोड एकच : गरम इंजिनला चिकटून तो लांबच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. उन्हाळ्यात नळीतच वाफ धरते आणि गाडी अडते.

इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ बसून पेट्रोल पुढे ढकलतो, त्यामुळे हा त्रास कमी. फ्युएल इंजेक्शन बसवलं तर ४० पीएसआयच्या वर दाब लागतो. तिथे तोच हवा. पण अपघातात इंजिन बंद पडलं, नळी तुटली, तरी चावी चालू असेपर्यंत तो पेट्रोल ओततच राहतो. म्हणून ऑइलचा दाब गेला की पंप तोडणारा स्विच हवाच. काटकसर नेमकी तिथेच होते.

आमच्या गाडीत कार्ब्युरेटरच आहे, आणि मागच्या सीटवर मुलं बसतात. मेकॅनिकलच घेतला, इथेनॉल सोसणाऱ्या डायफ्रॅमचा. भर ऑगस्टात कधी थांबावं लागतं, इंजिन निवेपर्यंत.