लिनक्स प्रणालीची मूळ संहितेपासून बांधणी

लिनक्स ही संगणकाची परिचालन प्रणाली (यंत्रसामग्री व वापरणाऱ्याच्या आज्ञावल्या यांच्यामधील व्यवहार चालविणारा मूलभूत आज्ञावलीसमूह) तयार स्वरूपात न घेता तिच्या घटकांची मूळ संहिता एकत्र करून, ती आपल्याच संगणकावर यंत्रभाषेत रूपांतरित करून संपूर्ण प्रणाली उभारण्याची पद्धत. मूळ संहिता म्हणजे सोर्स कोड हा सी, सी++ यांसारख्या भाषांत लिहिलेला व माणसाला वाचता येणारा मजकूर होय. संगणकाच्या प्रक्रियकाला मात्र केवळ यंत्रभाषेतील आज्ञाच कळतात. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस संकलक अथवा कंपायलर असे म्हणतात.

सर्वसाधारणपणे लिनक्स वापरणाऱ्यास हे रूपांतर स्वतः करावे लागत नाही. डेबियन, फेडोरा, उबुंटू इ. वितरणे चालविणारे गट ते आधीच करून ठेवतात व तयार पॅकेजे पुरवितात. स्वतः बांधणी करणारी व्यक्ती हे काम आपल्याकडे घेते आणि त्याबरोबर त्याची जबाबदारीही स्वीकारते. उभारलेली प्रणाली पुढे सुस्थितीत कशी ठेवावयाची व ती कितपत विश्वसनीय मानावयाची, हे दोन प्रश्न या पद्धतीत बांधणीइतकेच महत्त्वाचे आहेत.

ऐतिहासिक आढावा : मूळ संहिता सर्वांना उपलब्ध असणे ही या पद्धतीची पूर्वअट होय. अमेरिकन संगणकतज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. युनिक्ससारखी, परंतु कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता व वाटता येईल अशी प्रणाली निर्माण करणे हे त्याचे उद्दिष्ट होते. या प्रकल्पातून १९८७ मध्ये जीसीसी हा संकलक प्रथम प्रसृत झाला. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉर्व्हल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल प्रसिद्ध केला व १९९२ मध्ये तो ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. पहिल्या आवृत्तीत गाभ्याची संहिता सु. दहा हजार ओळींची होती. २०२० च्या आरंभी ती पावणेतीन कोटी ओळींच्या पुढे गेली होती. केवळ गाभ्याने मात्र प्रणाली पूर्ण होत नाही. आज्ञा स्वीकारणारे कवच, फायलींची हाताळणी करणारी साधने, सामायिक लायब्ररी हे घटक स्वतंत्र प्रकल्पांतून येतात व त्यांची जोडणी करावी लागते.

प्रारंभीच्या काळात ही जोडणी जो तो आपल्या परीने करीत असे. ती अडचण दूर करण्यासाठी वितरणे निघाली. स्लॅकवेअर व डेबियन ही त्यांपैकी दीर्घकाळ टिकलेली दोन वितरणे १९९३ मध्ये सुरू झाली. वितरणे सोयीची झाली, तशी प्रणालीची अंतर्गत रचना वापरणाऱ्याच्या दृष्टीआड गेली. ही रचना पुन्हा समजून घेता यावी, या हेतूने जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हा मार्गदर्शक ग्रंथ सिद्ध केला. तो स्वयंसेवकांच्या गटाकडून वेळोवेळी सुधारला जातो. चित्ररूप पटल, छपाई, ध्वनी इ. पुढील सोयींसाठी त्याला एक पूरक ग्रंथही जोडण्यात आला आहे. डॅनिएल रॉबिन्स यांच्या जेंटू या वितरणाची पहिली पूर्ण आवृत्ती २००२ मध्ये निघाली. त्यात बांधणी संहितेपासूनच होते. परंतु पोर्टेज ही व्यवस्था पॅकेजांचे परस्परावलंबन तपासून ती क्रमाने घडवून आणते.

मूलभूत पेच : संकलक ही स्वतःच एक आज्ञावली आहे व तीही संकलित करावी लागते. त्यामुळे पूर्णपणे शून्यातून आरंभ करता येत नाही. आधीपासून चालू असलेली एक यजमान प्रणाली लागते. यजमानाच्या संकलकाने नवी प्रणाली सरळ बांधली, तर यजमानाच्या लायब्ररींचे दुवे तिच्यात नकळत शिरतात. अशी प्रणाली यजमानापासून तोडताच निकामी होते. दुसरी अडचण चक्रीय स्वरूपाची आहे. सी भाषेची प्रमाण लायब्ररी बांधण्यास संकलक लागतो आणि संकलक पूर्णत्वाने बांधण्यास ती लायब्ररी लागते. बांधणीचे पुढील टप्पे या दोन अडचणींच्या निवारणासाठीच योजलेले आहेत.

बांधणीचे टप्पे : (१) पूर्वतयारी : नव्या प्रणालीसाठी तबकडीचा स्वतंत्र विभाग राखून ठेवतात. किमान प्रणालीस सु. १० गिगाबाइट जागा पुरते. पुढील वाढ लक्षात घेता त्याच्या तिप्पट जागा सोयीची ठरते. सु. ऐंशी पॅकेजांची मूळ संहिता मिळवून तिची तपासणी-बेरीज पडताळतात. एमडी५ पद्धतीच्या बेरजेने संहिता उतरवून घेताना झालेली हानी लक्षात येते. परंतु हेतुपुरस्सर केलेला बदल ओळखण्यास ती पुरेशी नाही. त्यासाठी प्रकाशकाची अंकीय स्वाक्षरी तपासावी लागते. बांधणीसाठी मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते उघडतात. कारण सर्वाधिकार असलेल्या खात्यातून केलेली एखादी चूक यजमानच बिघडवू शकते.

(२) परकी साधने : यजमान व नवी प्रणाली एकाच संगणकावर असूनही त्या दोन भिन्न यंत्रांच्या आहेत, असे संकलकास भासवितात. त्यासाठी लक्ष्य प्रणालीच्या नावातील एक अंश बदलणे पुरेसे असते. प्रथम जोडक व असेंब्लर असलेला बिन्युटिल्स हा संच, नंतर केवळ मर्यादित क्षमतेचा संकलक, त्यानंतर गाभ्याच्या शीर्षफायली, मग सी लायब्ररी व शेवटी सी++ लायब्ररी असा क्रम असतो. अपुऱ्या संकलकाने लायब्ररी बांधावयाची व त्या लायब्ररीच्या आधारे पुढे पूर्ण संकलक बांधावयाचा, अशा रीतीने वर उल्लेखिलेले चक्र तोडले जाते. या टप्प्यावर एक लहानशी आज्ञावली संकलित करून ती चालताना कोणत्या जोडकाची मागणी करते हे पाहतात. उत्तरात यजमानाचा मार्ग आढळल्यास पुढे जाण्यात अर्थ नसतो. तेथपर्यंतचे काम पुन्हा करावे लागते.

(३) तात्पुरती व अंतिम प्रणाली : परक्या साधनांनी कवच, फाइल-साधने इ. तात्पुरते घटक बांधतात. मग ‘चेंज रूट’ या क्रियेने नवा विभाग हेच प्रणालीचे मूळ स्थान आहे असे ठरविले जाते व यजमानाच्या फायली नजरेआड होतात. येथून पुढे यजमानाचा केवळ गाभा वापरात राहतो. या बंदिस्त वातावरणात सर्व घटक पुन्हा, या वेळी कायम स्वरूपात, बांधले जातात. बहुतेक पॅकेजांची कृती तीन पायऱ्यांची असते : ‘कॉन्फिगर’ ही आज्ञा परिस्थितीची पाहणी करते, ‘मेक’ संकलन करते व ‘मेक इन्स्टॉल’ तयार फायली योग्य जागी ठेवते. संगणकांचा वेग भिन्न असल्यामुळे वेळ मिनिटांत सांगणे निरर्थक ठरते. म्हणून बिन्युटिल्सच्या पहिल्या बांधणीस लागलेला वेळ हे एकक मानतात. त्याच्याशी तुलना करता अंतिम संकलकाच्या बांधणीस, चाचण्यांसह, चाळीसपटींहून अधिक वेळ लागतो. तरीही सी लायब्ररी व संकलक यांच्या चाचण्या वगळणे धोक्याचे असते. त्यांतील दोष पुढे बांधलेल्या प्रत्येक घटकात उतरतात.

(४) गाभा व प्रारंभ : शेवटी गाभ्याचे पर्याय निवडून तो संकलित करतात व संगणक सुरू होताना त्यास स्मृतीत आणणारी ग्रब ही आज्ञावली बसवितात. प्रारंभीची तात्पुरती फाइल-व्यवस्था वापरावयाची नसेल, तर ज्या तबकडीवर प्रणाली आहे तिचा चालक व तिच्या फाइल-रचनेचा आधार गाभ्यातच अंतर्भूत करावा लागतो. तो स्वतंत्र विभागक म्हणून ठेवल्यास, तो वाचण्यासाठी तबकडी व तबकडी वाचण्यासाठी तो, असा पेच पडून संगणक सुरू होत नाही. नवशिक्यांची ही वारंवार होणारी चूक आहे.

देवनागरीची सोय : वितरणात जी सोय गृहीत धरली जाते ती येथे जाणीवपूर्वक निर्माण करावी लागते. तारखा, वर्णक्रम इत्यादींसाठी मराठी भाषा व भारत देश यांची स्थाननिश्चिती सी लायब्ररीत उपलब्ध असते. परंतु ती युनिकोड संकेतासह स्वतंत्र आज्ञेने तयार करावी लागते. गाभ्याच्या अक्षरपटलावर जास्तीत जास्त ५१२ चिन्हे मावतात व जोडाक्षरे घडविण्याची यंत्रणा तेथे नसते. म्हणून मराठी मजकूर नीट दिसण्यासाठी चित्ररूप पटल, अक्षराकृती रेखाटणारी फ्रीटाइप, ऱ्हस्व इकार व रफार योग्य जागी नेणारी हार्फबझ या लायब्ररी आणि लोहित देवनागरीसारखा मुक्त टंक हे सर्व बांधावे लागते. एक साधे जोडाक्षर पडद्यावर उमटण्यामागे किती स्वतंत्र घटक उभे असतात, याची कल्पना यावरून येते.

निगा : बांधणी काही दिवसांत पुरी होते, निगा मात्र प्रणाली वापरात असेपर्यंत चालते. कोणत्या पॅकेजाने कोणत्या फायली ठेवल्या याची नोंद नसल्यास ते काढणे वा बदलणे अवघड होते. यासाठी प्रत्येक पॅकेज वेगळ्या निर्देशिकेत ठेवून दुवे जोडणे, प्रत्येक पॅकेजास स्वतंत्र खात्याची मालकी देणे, अथवा आधी तात्पुरत्या जागी बसवून त्याचे संग्रह बनविणे अशा पद्धती आहेत. बांधणीच्या सर्व आज्ञा फायलींत लिहून ठेवल्यास तीच कृती पुन्हा करता येते.

सामायिक लायब्ररी हा निगेतील नाजूक भाग होय. लायब्ररीच्या नावातील प्रमुख क्रमांक बदलला, तर तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व आज्ञावल्या पुन्हा बांधाव्या लागतात व तोपर्यंत जुनी लायब्ररी काढून टाकता येत नाही. ओपनएसएसएल या गूढलेखन-लायब्ररीची तिसरी मालिका २०२१ मध्ये निघाली, तेव्हा असेच करावे लागले. जुन्या १·१·१ या मालिकेची सार्वजनिक देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये संपली. वापरात असलेल्या लायब्ररीच्या फाइलवरच नवी फाइल लिहिल्यास चालू आज्ञावल्या कोलमडतात. जुनी फाइल आधी वेगळी करून नवी बसविणे हा योग्य मार्ग होय.

सुरक्षेच्या दृष्टीने प्रश्न अधिक गंभीर आहे. ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाला. त्यामुळे सेवा देणाऱ्या संगणकाच्या स्मृतीतील गोपनीय मजकूर बाहेरच्या व्यक्तीस वाचता येत असे. वितरण वापरणाऱ्यांना सुधारित पॅकेज आयते मिळाले. स्वतः बांधणी केलेल्यांना मात्र दोषाची वार्ता मिळविणे, नवी संहिता बांधणे, सेवा पुन्हा सुरू करणे आणि ती लायब्ररी पोटात घेऊन संकलित झालेल्या आज्ञावल्या शोधून काढणे हे सर्व करणे भाग होते. सुरक्षाविषयक सूचना नियमितपणे न वाचणाऱ्याची स्वनिर्मित प्रणाली ही सामान्य वितरणापेक्षा अधिक असुरक्षित ठरते.

विश्वासार्हता : संहिता उघड आहे व ती स्वतः संकलित केली आहे, म्हणून प्रणाली विश्वसनीय आहे, हा समज सर्वस्वी खरा नाही. युनिक्सचे एक जनक केन टॉम्प्सन यांनी ट्यूरिंग पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात याची मीमांसा केली. प्रवेशाची तपासणी करणाऱ्या आज्ञावलीत चोरवाट घालणारा संकलक तयार करता येतो. तोच संकलक स्वतःची निर्दोष संहिता संकलित करतानाही तो दोष नव्या संकलकात पुन्हा घालू शकतो. अशा वेळी संहिता कितीही वाचली, तरी दोष आढळत नाही. यावर डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मध्ये दोन स्वतंत्र संकलकांच्या साहाय्याने पडताळणी करण्याची पद्धत विशद केली. संशयित संकलकाची संहिता दुसऱ्या संकलकाने बांधून, मिळालेल्या संकलकाने तीच संहिता पुन्हा बांधावयाची व निष्पत्ती मूळ संकलकाशी तंतोतंत जुळते का ते पाहावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. आरंभीचा आयता भागच लहान करणे हा दुसरा उपाय होय. ग्विक्स या वितरणाच्या गटाने २०२३ मध्ये केवळ ३५७ बाइट आकाराच्या आज्ञावलीपासून पायरीपायरीने संकलकापर्यंत पोहोचणारी साखळी सिद्ध केली. तेथेही चालू गाभा व यंत्रसामग्री यांवर विश्वास ठेवावाच लागतो.

एक्सझेड या संपीडन-संचातील चोरवाट हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. अँड्रेस फ्रॉइंट यांनी ती २९ मार्च २०२४ रोजी उघडकीस आणली. दूरस्थ प्रवेशास नेहमीपेक्षा सु. अर्धा सेकंद अधिक लागतो, या निरीक्षणातून त्यांनी शोध घेतला होता. ५·६·० व ५·६·१ या आवृत्त्यांच्या प्रसृत संग्रहांत, बांधणीच्या ‘कॉन्फिगर’ या पायरीवर कार्यान्वित होणारा छुपा मजकूर होता. त्याचा महत्त्वाचा भाग सार्वजनिक संहिताभांडारात नव्हता. डेबियन वा आरपीएम पद्धतीचे पॅकेज बांधले जात असेल, तरच तो मजकूर कार्य करीत असे. हाताने केलेल्या बांधणीत तो स्वस्थ राहिला. परंतु याचे श्रेय बांधणाऱ्याच्या दक्षतेकडे जात नाही. घातकर्त्याने आपले लक्ष्य वेगळे ठरविले होते, इतकेच. बांधणी करणारा सहसा कृती वाचतो, लाखो ओळींची संहिता वाचत नाही.

उपयोग व मर्यादा : घरातील जाल-मार्गक, यंत्रनियंत्रक इ. अंतःस्थापित साधनांत अनावश्यक घटक परवडत नाहीत; तेथे यॉक्टो, बिल्डरूट यांसारख्या साधनांनी संहितेपासून प्रणाली बांधणे ही रूढ पद्धत आहे. दैनंदिन वापराच्या संगणकावर मिळणारा वेगाचा लाभ बहुधा अल्प असतो व संकलनात खर्च झालेला वेळ त्याने भरून निघत नाही. जेंटूनेही डिसेंबर २०२३ मध्ये तयार पॅकेजांचा विस्तृत पुरवठा सुरू केला, यावरून ही मर्यादा स्पष्ट होते. या पद्धतीचे प्रमुख मूल्य शैक्षणिक आहे. प्रणालीतील प्रत्येक फाइल कोठून आली, कशासाठी आहे व ती काढल्यास काय बिघडेल, हे बांधणाऱ्यास ठाऊक असते. इतरांवरील विश्वास या पद्धतीने नाहीसा होत नाही. तो कोठे व कोणावर ठेवला आहे, हे मात्र उघड होते. हे ज्ञान असलेली व्यक्ती पुढे तयार वितरण वापरू लागली, तरी त्यातील बिघाडाचे मूळ शोधण्यास ती अधिक समर्थ असते.