सरखेली आणि वतन

या 13 फेब्रुवारीला विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचे आरमार भस्मसात झाल्याला 270 वर्षे पुरी झाली, आणि त्याच आठवड्यात, तुमसरातील ज्या शिक्षणसंस्थेत मी उमेदीचे दशक वेचले, तिथे इतिहास-शिक्षकाची जागा चालकांच्या भाच्यास मिळाल्याचे कानी आले. तेव्हापासून या दोन गोष्टी माझ्या मनात वेगळ्या राहत नाहीत.

कान्होजी आंग्र्यांनी मनगटाच्या बळावर कमावलेली सरखेली, म्हणजे आरमारप्रमुखाचा हुद्दा, 1729 मध्ये त्यांच्या पश्चात थोरल्या मुलाकडे, सेखोजींकडे गेली, यात मला काही वावगे दिसत नाही. इंग्रजांचा नौसेनानी नेल्सन बाराव्या वर्षी मामा मॉरिस सक्लिंगच्या जहाजावर दाखल झाला आणि 1777 मध्ये त्याने लेफ्टनंटपदाची परीक्षा दिली तेव्हा परीक्षकांत तोच मामा होता; पण तोवर उत्तर ध्रुवाकडची मोहीम आणि हिंदी महासागर त्याने स्वतः अनुभवला होता. आंग्र्यांच्या घरचे दुखणे निराळे. सेखोजींमागून भाऊबंदकी माजली, ती सांगण्यात मन रमत नाही; एवढेच नमूद करतो की 1735 मध्ये पेशवे बाजीरावांनी सेखोजींच्या भावांत, मानाजींस ‘वजारतमाब’ किताबासह कुलाबा आणि संभाजींस ‘सरखेल’ किताबासह सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग अशी तोड काढली. शेताचे बांध घालावेत तशी समुद्राची वाटणी झाली. हुद्द्याचे वतन झाले.

संभाजींनंतर आलेला तुळाजीही वारसानेच आला, परंतु दर्याने घेतलेल्या परीक्षेत तो उतरला. 1749 मध्ये त्याने इंग्रजांचे ‘रेस्टोरेशन’ पकडले; सात वर्षांनी, नानासाहेब पेशव्यांशी संगनमत करून आलेल्या इंग्रज नौसेनापती वॉटसनच्या तोफांनी त्याच जहाजाला आग लावली आणि तिथून ती सगळ्या गुराबा-गलबतांत पसरली. तुळाजी पुढे कैदेतच वारला. ज्या मराठी दौलतीचा किनारा त्याने राखला, तिनेच हे करावे, याचे दुःख मला आजही आवरत नाही.

1970 ते 1980 ही दहा वर्षे मी हा प्रसंग तुमसरच्या मुलांना शिकवला. डोंगरी आणि चिखल्याच्या मँगनीज खाणींवरील मजुरांची मुले आणि वैनगंगेकाठच्या ढिवर मासेमारांची मुले माझ्या वर्गात असत. समुद्र त्यांच्यापैकी कुणीही पाहिलेला नव्हता. पण फळ्यावर खाडीचा नकाशा काढताच ढिवरांची मुले पुढे सरकत आणि ओहोटीत गलबते कशी बाहेर काढता आली असती, ते मलाच समजावून देत. माझी पर्यवेक्षकाची बढती त्या दशकात दोनदा चालकांच्या आप्तांकडे गेली. मी लेखी तक्रार केली. उत्तर आले नाही. ते शल्य मी आज मोकळेपणी सांगतो, कारण त्याहून मोठे शल्य निराळेच आहे.

एका पावसाळ्यात माझ्या वर्गातलाच एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, पण ती गलबतं तर आपलीच होती ना?” मॅट्रिक होऊन तोच मुलगा पुढे त्याच शाळेत शिपायाच्या जागेसाठी अर्ज घेऊन आला, तेव्हा तीही जागा नात्यात देऊन झाली होती.