दुसरा दम
मित्रांनो, 'ही गॉट हिज सेकंड विंड' हे वाक्य वाचून 'दुसरा वारा' असा अर्थ लावू नका हं! इथे 'विंड' म्हणजे श्वास, आपल्या कबड्डीतला दम. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी दाखवली, तीच कबड्डी!

धावताना आधी धाप लागते. मग श्वास आणि हृदय पायांच्या गतीशी जुळवून घेतात, अंग हलकं वाटतं. हाच सेकंड विंड. सायकलने अकोल्याला निघालात, बडनेऱ्यालाच दमलात, पण मूर्तिजापूरच्या वाटेवर पुन्हा हुरूप आला, तर हे वाक्य खुशाल वापरा. गणितं सोडवताना पेंगुळलात आणि परत तरतरी आली, तरीही चालेल.

म्हणून पहिल्या धापेला हार मानू नका. मात्र वऱ्हाडच्या उन्हात चक्कर आली, तर थांबायचंच बरं का!