भिंतीवरची माहेरवाशीण

पितृपक्षात आपल्याकडे नवं काही हाती घेत नाहीत. दिल्लीच्या पश्चिमेला, बहादूरगड-झज्जरच्या पट्ट्यात, नेमक्या त्याच पंधरवड्यात पोरीबाळींचे हात चिखलात असतात. जोहड म्हणजे गावतळं. तिथली चिकणमाती आणायची, खडे वेचायचे, कणकेसारखी मळायची आणि तिच्या चांदण्या करायच्या. सर्वपित्रीला भिंतीवर सांझी ही मातीची देवी यायची असते, त्याआधी सगळं वाळायला हवं.

एका अंगणात एका आजींनी मला चांदणी करायला बसवलं. सुपारीएवढा गोळा तळहातावर चपटा करायचा, कडेनं चिमटीत धरून टोकं काढायची, मधोमध अंगठा हलकेच दाबायचा. माझी पहिली चांदणी जाड झाली. आजींनी ती मोडून गोळा पुन्हा माझ्या हातात दिला. जाड चांदणी वजनानं भिंतीवरून गळते, पातळ केली तर उन्हात तडकते. त्यांची बोटं मात्र बोलता बोलता चालत होती आणि बाजेवर चांदण्यांच्या ओळी वाढत होत्या. चांदण्यांखेरीज चंद्रकोरी, हात, पाय, बांगड्या, गळ्यातली हसळीही. वाळल्यावर कशाला खडूचा पांढरा, कशाला गेरू, कशाला हळद.

अमावास्येला भिंतीवर शेणाचा ओला थर देतात आणि तो सुकायच्या आत एकेक तुकडा त्यात दाबत जातात. शेण हाच डिंक. सांझीचा सगळा घागरा चांदण्यांचाच असतो, म्हणून तर इतकी तयारी. तोंड वेगळं घडवतात, डोळ्यांना कुठे कवड्या लावतात, वरून खरीखुरी ओढणी पांघरतात. घडवणाऱ्या बायकांपैकी कुणी कलाकार म्हणवून घेत नाही. कागदावर आधी रेखाटणंही नसतं. तरी शेजारच्या दोन घरांतल्या सांझ्या सारख्या दिसत नाहीत. मला या कलेतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

सांझीला कुणी दुर्गा म्हणतं, कुणी पार्वती. पण वागवतात ती माहेरी आलेल्या लेकीसारखी. नवरात्रभर तिन्हीसांजेला आळीतल्या मुली जमतात, दिवा ओवाळतात, गाणी म्हणतात, घरातलं गोडधोड तिला दाखवून वाटून खातात. नवरात्र सरत आलं की तिच्या शेजारी आणखी एक छोटी मूर्ती लागते. तो तिचा भाऊ, तिला न्यायला आलेला.

हे ऐकताना खानदेशातल्या वाचकाला गुलाबाई आठवेल, विदर्भातल्याला भुलाबाई. पश्चिम महाराष्ट्रात हस्त नक्षत्र लागलं की पाटावर हत्ती काढून हादग्याचा फेर धरतात आणि खिरापत ओळखायला लावतात. पिकं हाताशी येण्याच्या सुमारास लेकीला माहेरची ओढ लागते, ती इथेही आणि तिथेही. दसऱ्याला आपल्याकडे घटातलं धान टोपीत खोवतात, हरियाणात बहिणी जवाचे कोंब भावाच्या पागोट्यात खोवतात. हरियाणातला पानिपत जिल्हाही आज दिल्लीभोवतीच्या राजधानी क्षेत्रात मोडतो. ते नाव मराठी माणसाला 1761च्या संक्रांतीपाशीच थांबवतं. त्या मुलखातल्या भिंतींवरही शरदात सांझी उतरते, हे कळल्यापासून ते गाव मला थोडं जवळचं झालं आहे.

सांझीचं दुसरं रूप ब्रजात, मथुरा-वृंदावनाकडे. तिथे देवळांत पितृपक्षातच बारीक कातरलेल्या कागदी साच्यांतून रंग चाळून कृष्णलीला रेखतात, क्वचित पाण्यावरही. ते देखणं आहे, त्याची कीर्तीही दूरवर आहे. पण माझा जीव मातीच्या सांझीत अडकला आहे.

ती आता अडचणीत आहे. दिल्लीतल्या गावांची वस्ती सरकारी नकाशावर 1908 साली लाल रेघेत बांधली गेली. तो लाल डोरा. रेघेबाहेरची शेतं शहरानं घेतली, आत जागा उरली नाही म्हणून घरं मजल्यांवर मजले चढली. मेट्रो 2010 साली दिल्लीतल्या मुंडका गावापर्यंत आणि 2018 साली बहादूरगडपर्यंत पोचली. फरशी लावलेल्या गुळगुळीत भिंतीवर शेण लिंपायचं कसं? आणि जनावरंच नाहीत तिथे शेण आणायचं कुठून? कित्येक जोहड बुजले, उरलेल्यांत सांडपाणी आहे. मग बाजारातून छापील सांझी येते आणि दारावर चिकटते. नऊ संध्याकाळची गाणी तिच्यापुढेही होतात, हे खरं. पण बाजेवर वाळत घातलेल्या चांदण्या, त्यांच्याभोवती बसलेल्या तीन पिढ्या आणि मोडून परत हातात आलेला तो गोळा, हे कागदाबरोबर येत नाही. कुरुक्षेत्र विद्यापीठाच्या धरोहर संग्रहालयात सांझीचा उत्सव भरवतात. मुलींच्या हाताला त्या निमित्तानं माती लागते, म्हणून मला त्याचं अप्रूप आहे.

दसऱ्याच्या रात्री सांझी उतरवतात. तिचं तोंड भोकं पाडलेल्या मडक्यात ठेवायचं, आत दिवा लावायचा, मडकं डोक्यावर घेऊन गात गात जोहडावर जायचं. पाण्यात सोडलं की भोकांतून उजेडाचे ठिपके हलत राहतात. पलीकडच्या काठावर पोरं काठ्या घेऊन टपलेली असतात. सांझी पार गेली तर गावाला बरं नाही असं मानतात, म्हणून मडकं मध्येच फोडायचं. मुली ओरडत असतात, पोरं गुडघाभर पाण्यात उतरतात, काठ्यांचे सपकारे पाण्यावर बसतात. मग एक काठी नेमकी लागते. दिवा विझतो, खापऱ्या खाली जातात आणि त्यांच्यामागोमाग तिचं तोंड, जिथून माती आणली होती तिथेच.