सातबाऱ्यावरील ‘वन’

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या चुलत बंधूंनीं रत्नागिरी जिल्ह्यांतील वडिलार्जित वरकस जमिनीचा सातबारा काढविला. तिघां भावांचा विचार असा, कीं तेथें दोन खोल्यांचें घर बांधावें व उरलेल्या जागेंत हापूसचीं कलमें लावावीं. परंतु उताऱ्यावर ‘वन’ हा दोन अक्षरी शब्द निघाला आणि सारे बेत जागच्या जागीं राहिले. एका दलालानें धीर दिला, “त्यांत काय आहे? बिनशेती करून घेऊं!” हीच समजूत आपल्या पुष्कळ कुटुंबांत आढळते, आणि ती साफ चुकीची आहे.

बिनशेती ही महसुलाची बाब. वनजमीन वनेतर कामासाठीं वापरावयाची, तर १९८० च्या वन संरक्षण कायद्यान्वयें केंद्र सरकारची पूर्वसंमति लागते. १२ डिसेंबर १९९६ रोजीं गोदावर्मन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें, कीं दप्तरीं वन म्हणून नोंदलेली जमीन, मालक कोणीहि असो, या कायद्याखालीं येते. २०२३ सालीं कायद्याचें नांव बदललें, कांहीं सवलती आल्या. मूळ अट कायम राहिली.

बंधूंस सर्वांत नवल वाटलें तें कलमांचें. आंबा हें झाडच ना? परंतु चहा, कॉफी, रबर, मसाल्याचीं पिकें आणि फळबागा यांची लागवड कायद्यानें वनेतर कामांतच गणिली आहे. एका परीनें तें योग्यच. ऐन-किंजळीचें रान आणि ओळींत लावलेली बाग यांतील भेद कोंकणच्या माणसास कां सांगावा?

धरण, रस्ता, खाण यांसाठीं संमति मिळते ती दोन टप्प्यांनीं: प्रथम अटींसह तत्त्वतः, व अटी पुऱ्या झाल्यावर अंतिम. वनाचें मूल्य भरावें लागतें, अन्यत्र पर्यायी वनीकरण करावें लागतें. (शंभर वर्षांच्या हिरड्याची भरपाई गुडघाभर रोपानें कशी होते, हें मला अद्याप उमगलेलें नाहीं.) ओडिशांतील नियमगिरीच्या खाणीस तर २०१३ सालीं बाराहि ग्रामसभांनीं नकार दिला.

आमच्या घरीं मात्र प्रश्न त्याच्याहि आधींचा आहे. महाराष्ट्रांत ३० ऑगस्ट १९७५ रोजीं खासगी वनें कायद्यानें सरकारजमा झालीं. पुढें २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें, कीं जुन्या वन कायद्याखालीं नुसती नोटीस निघणें पुरेसें नाहीं, ती मालकास बजावलेली असली पाहिजे. म्हणून प्रथम पाहावयाचें तें हें, कीं ही नोंद कोणत्या फेरफारानें चढली व आजोबांस नोटीस पोंचली होती काय. ती खरी ठरल्यास जमीन आपली राहिलीच नाहीं; मग परवानगी कसली मागणार?

थोरल्या काकूंचें म्हणणें निराळेंच. “घर नको नि कांहीं नको. खालच्या विहिरीला वैशाखांत पाणी असतें तें त्या रानामुळें.” यावर बंधू कांहीं बोलले नाहींत. फेरफाराच्या नकलेसाठीं अर्ज गेला आहे. कलमांची मागणी मात्र रोपवाटिकेस कळवून रद्द केली.